थरावर थर, आणि मागे नाव

आज आम्ही तुमच्याशी चित्रांबद्दल बोलणार आहोत. तेही अशा चित्रांबद्दल, ज्यांत ना माणूस दिसतो, ना झाड, ना देव, ना गाय. नुसते रंग, डाग, रेघा, खरवडलेले पट्टे, कुठे चिकटवलेला कागद, कुठे कापडाचा तुकडा. ज्या चित्रात ओळखीचा आकार नाही, त्याला अमूर्त चित्र म्हणतात. आणि रंगाच्या जोडीला कागद, कापड, माती, दोरा अशा वस्तू एकाच चित्रात आल्या, की त्याला मिश्र माध्यमातलं चित्र म्हणतात.

पेपरात अशा चित्राचा फोटो आला की आपल्याकडे तीन प्रश्न ठरलेले असतात. यात आहे काय? असं तर आमचं पोरगंही काढेल, मग यात विशेष ते काय? आणि त्याला एवढे कोटी कोण देतं? आमच्या बचत गटाच्या बैठकीतही हेच तीन प्रश्न निघाले, आणि प्रश्न अगदी रास्त आहेत. म्हणून आज चित्र कसं दिसतं यापेक्षा ते कसं होतं, हात काय करतो, मन कुठे थांबतं, हे बघू. आणि हे काम आधी कोणी कोणी केलं, त्यातल्या कोणाचं नाव राहिलं आणि कोणाचं गेलं, तेही बघू. कारण यात आपलाही हिशेब आहे.

आधी अमूर्त या शब्दाची भीती काढून टाकू. गावाच्या शिवेवर शेंदूर लावलेला दगड असतो. त्याला नाक नाही, डोळे नाहीत, हात नाहीत. त्याला आपण तांदळा म्हणतो आणि समोर हात जोडतो. श्रावणात खानदेशात घरोघर कानबाई बसते, तेव्हा नारळालाच आपण आई मानतो. "यात काय आहे?" असं तिथं कोणी विचारत नाही. आकार नसला तरी अर्थ असू शकतो, हे आपल्या घरात लहान मुलालाही माहीत असतं. तेव्हा अमूर्त ही काही परदेशातून पहिल्यांदाच आलेली गोष्ट नाही. चित्राच्या चौकटीत ती आली, की आपण बिचकतो एवढंच.

आता हाताच्या कामाकडे येऊ, आणि त्यासाठी फार लांब जायला नको. आपल्या पिंप्राळ्यापासून, जळगावपासून साठेक किलोमीटरवर अजिंठ्याची लेणी आहेत. आपल्यापैकी बऱ्याच जणी शाळेच्या सहलीत जाऊन आल्या असतील. तिथली चित्रं काही अमूर्त नाहीत. त्यांत राजे आहेत, राण्या आहेत, दासी आहेत, हत्ती आहेत, बुद्धाच्या जन्मांच्या कथा आहेत. पण ती चित्रं ज्या भिंतीवर काढली, ती भिंत कशी तयार केली ते ऐका.

डोंगर पोखरून लेणं तयार झालं, की दगडाची भिंत खडबडीत राहायची. तिच्यावर आधी मातीचा जाड गिलावा. त्या मातीत दगडाची भुकटी, भाताचं तूस, गवताचे आणि झाडांचे तंतू मिसळलेले. कशासाठी? माती वाळताना आकसते आणि तडकते. तूस आणि तंतू तिला धरून ठेवतात. त्यावर दुसरा बारीक मातीचा हात. त्यावर चुन्याचा पातळ हात. तो सुकल्यावर मग रेषा, आणि रेषेत रंग. रंग तरी कसले? पिवळी माती, गेरू, हिरवी माती, दिव्याची काजळी, चुना. हे सगळं जवळपासचं. फक्त निळा लांबून आलेला. लाजवर्दी नावाचा निळा दगड अफगाणिस्तानच्या खाणींतून व्यापाऱ्यांबरोबर यायचा, आणि तो वाटून रंग करायचे. हे रंग भिंतीला धरून राहावेत म्हणून त्यात डिंक किंवा सरस यासारखा चिकट पदार्थ घालत.

मैत्रिणींनो, ज्यांनी धाब्याच्या घराची भिंत लिंपली आहे, त्यांना यात नवं काय वाटेल? आपणही मातीत भुसा घालतो, शेण घालतो. पहिला हात जाड, दुसरा बारीक. खालचा थर ओला असताना वरून चुना मारला, तर पोपडे येतात, हे आपल्याला कोणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. दगड, माती, तूस, चुना, रंग, डिंक, असे सहा पदार्थ एकावर एक. आजचे चित्रकार ज्याला मिश्र माध्यम म्हणतात, त्याचं जुनं रूप आपल्या शेजारी उभं आहे. त्यातली बहुतेक चित्रं इसवी सनाच्या पाचव्या शतकातली, आणि काही तर त्याच्याही पाच-सहाशे वर्षं आधीची.

पुन्हा गेलात तर मान वर करून छताकडेही बघा. पहिल्या आणि दुसऱ्या लेण्याच्या छताचे चौकोन पाडले आहेत. प्रत्येक चौकोनात वेगळं काही. कुठे फूल, कुठे फळ, कुठे पक्षी, कुठे नुसती नक्षी. वर कापडाचा चांदवा ताणून बांधावा, तसं ते छत दिसतं. खाली भिंतीवर कथा सांगायची आहे, पण वर छतावर कथा नाही. तिथं रंगाशेजारी रंग कसा बसतो, एवढंच बघितलं आहे.

आता नावाची गोष्ट. सोळाव्या लेण्यात एक शिलालेख आहे. त्यात हे लेणं कोणी करवून घेतलं ते कोरलेलं आहे: वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव. ज्यानं पैसे दिले त्याचं नाव दीड हजार वर्षं टिकलं. पण ज्यांनी माती मळली, चुना फासला, त्या राणीच्या डोळ्यांत पाणी आणलं, त्यांचं एकाचंही नाव आपल्याला सांगता येत नाही. त्यांत किती हात बायकांचे होते, तेही सांगता येत नाही.

पुढे १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला आला आणि त्याला ही लेणी दिसली. त्यानं दहाव्या लेण्यातल्या चित्रावर आपलं नाव आणि तारीख खरवडून ठेवली. म्हणजे बघा, ज्यानं चित्र काढलं त्याचं नाव नाही, आणि ज्यानं चित्र बघितलं त्याचं आहे! त्यानंतर रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्यानं १८४४ पासून अनेक वर्षं इथं राहून या चित्रांच्या नकला केल्या. त्याची कबर आपल्या भुसावळला आहे. त्याच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या सर जे. जे. कला शाळेचे शिक्षक जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून अजिंठ्याला येऊ लागले. दहा-बारा वर्षं हे काम चाललं. त्यातल्याही पुष्कळ नकला १८८५ मध्ये लंडनलाच आगीत गेल्या. पण एक झालं. आपल्या पोरांनी त्या भिंतींसमोर बसून रंगाचे थर वाचायला शिकून घेतलं. या जे. जे. शाळेचं नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

त्याआधी थोडं सातासमुद्रापार जाऊ. कारण अमूर्त चित्राच्या इतिहासात एक गोधडी येते, आणि ती तुम्हाला सांगितल्याशिवाय आम्हाला राहवत नाही.

गोष्ट पॅरिसची, १९११ सालची. सोनिया डेलोने नावाची चित्रकार होती. जन्म युक्रेनमधला, लहानपण रशियात गेलेलं, लग्न करून पॅरिसला स्थायिक झालेली. त्या वर्षी तिला मुलगा झाला. बाळासाठी तिनं पांघरूण शिवलं. रशियातल्या शेतकरी बायका कापडाचे तुकडे जोडून जशी पांघरुणं करतात, तसं. लाल, काळा, हिरवा, गुलाबी, मातकट, असे चौकोनी-तिरपे तुकडे एकमेकांना लावले. काम झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपल्या नवऱ्याचे आणि त्याच्या मित्रांचे जे नव्या चित्रांचे वाद चालले आहेत, ते इथं या पांघरुणात होऊन बसलं आहे. ओळखीचा एकही आकार नाही, तरी रंग एकमेकांना हलवतात, पुढे ढकलतात, मागे ओढतात. मग तिनं हाच धडा चित्रांत उतरवला. आज ती बाळाची गोधडी पॅरिसच्या सरकारी संग्रहालयात जपून ठेवलेली आहे, आणि अभ्यासक तिला अमूर्त कलेच्या पहिल्या काही कामांत मोजतात.

पुढच्याच वर्षी, १९१२ मध्ये, पॅरिसमध्येच पिकासोनं एका चित्रात मेणकापडाचा तुकडा चिकटवला आणि चौकटीऐवजी भोवती दोर लावला. ब्राकनं चित्रात कागद चिकटवले. या रीतीला कोलाज नाव पडलं. पुस्तकांत मिश्र माध्यमाची सुरुवात इथून धरतात. पण जुन्या तुकड्याला नव्या जागी लावून त्यातून तिसरंच काही करायचं, हे तर ठिगळ लावणाऱ्या प्रत्येक बाईनं केलेलं आहे.

जर्मनीत हाना ह्योख नावाची बाई होती. दिवसा ती एका मासिकाच्या छापखान्यात भरतकामाचे आणि विणकामाचे नमुने काढायची. उरल्या वेळात मासिकातलेच फोटो कापून, जोडून चित्रं करायची. १९१९ साली केलेल्या तिच्या सगळ्यात गाजलेल्या चित्राच्या नावातच स्वयंपाकघरातली सुरी आहे. स्वीडनमध्ये हिल्मा अफ क्लिंट हिनं तर १९०६ पासूनच मोठमोठी अमूर्त चित्रं काढली होती. तिला वाटलं, लोकांना आत्ता हे कळणार नाही. म्हणून तिनं सांगून ठेवलं, की माझ्या मृत्यूनंतर वीस वर्षं ही चित्रं कोणाला दाखवू नका. ती १९४४ मध्ये गेली, आणि चित्रं जगासमोर नीट आली ती १९८६ मध्ये. तोवर अमूर्त चित्राचे जनक म्हणून पुस्तकांत पुरुषांचीच नावं छापून झाली होती.

आता परत आपल्या देशात, आपल्या जे. जे. शाळेत येऊ. वासुदेव संतु गायतोंडे. जन्म १९२४, नागपूरचा. घराणं मूळ गोव्याचं. वाढले मुंबईत, गिरगावच्या चाळीत. १९४८ मध्ये त्यांनी जे. जे.मधून शिक्षण पूर्ण केलं. सुरुवातीला तेही माणसं काढत, रेषेची चित्रं करत. हळूहळू आकार सुटत गेले. १९५७ मध्ये टोकियोच्या प्रदर्शनात त्यांना पहिलं बक्षीस मिळालं. १९६४ मध्ये शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. १९७१ मध्ये पद्मश्री मिळाली. १९७२ पासून दिल्लीत निजामुद्दीनला गच्चीवरच्या छोट्याशा जागेत एकटे राहिले. कोणाच्या समारंभाला नाही, मुलाखती फारशा नाहीत. भारतात अमूर्त चित्राचं नाव निघालं, की आज पहिलं नाव त्यांचं घेतात. गंमत म्हणजे आपल्या चित्रांना अमूर्त म्हणणं त्यांना स्वतःला पसंत नव्हतं.

त्यांचं काम कसं चालायचं? त्याचे चार भाग करून सांगतो.

पहिला भाग थांबण्याचा. कोऱ्या कॅनव्हाससमोर ते बसून राहत. तासन् तास, कधी कितीतरी दिवस. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस काहीच करत नाही. वर्षभरात त्यांची मोजकीच चित्रं होत, फार तर पाच-सहा. या काळात काय करायचं याचा नकाशा ते आखत नव्हते. मन शांत होण्याची वाट बघत होते. मुंबईत असताना ते खेतवाडीत निसर्गदत्त महाराजांकडे जाऊन बसत. जपानच्या झेन विचाराचंही त्यांचं वाचन होतं. शांत बसणं हाही कामाचाच भाग, अशी त्यांची धारणा होती.

दुसरा भाग रंग लावण्याचा. ब्रशपेक्षा रोलर आणि सपाट सुरी त्यांच्या हातात जास्त असे. आपल्याकडे घराला रंग देणारे कारागीर वापरतात तसा रोलर आणि लांबीची पट्टी असते तशी पातळ पट्टी, असं समजा. तेलरंगाचा पातळ थर पसरायचा, तो सुकू द्यायचा, त्यावर दुसरा. खालचा रंग वरच्या रंगातून झिरपल्यासारखा दिसतो. पावसाळ्यात तळ्याच्या पाण्यात खालचं गवत अंधुक दिसतं ना, तसं.

तिसरा भाग काढून टाकण्याचा, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा. लावलेला रंग ते पट्टीनं खरवडत. वर्तमानपत्राचे, मासिकांचे कागद फाडून त्याचे तुकडे ओल्या रंगावर दाबत आणि उचलून घेत. कागदाबरोबर काही रंग निघून येई, काही मागे राही. कागद चित्रात राहत नसे, त्याचा ठसा तेवढा राही. म्हणजे त्यांच्या चित्रात चिकटवलेल्या वस्तू दिसणार नाहीत. माध्यम तेलरंगच. पण रोलर, पट्टी आणि फाटका कागद यांच्या मेळातून जे उमटलं, ते एकट्या ब्रशनं कधी उमटलं नसतं. कुठला ठसा ठेवायचा आणि कुठला पुन्हा झाकायचा, हे दर वेळी नव्यानं ठरवायचं.

चौथा भाग थांबवण्याचा. चित्र झालं हे कळायचं कसं? गायीचं चित्र असेल तर चार पाय, शेपूट, शिंगं झाली की झालं. इथं असं काही नाही. आणखी एक हात मारला तर चित्र मरू शकतं, एक कमी मारला तर अर्धवट राहू शकतं. बाजरीची भाकरी तव्यावरून कधी काढायची, हे जसं घड्याळ बघून ठरत नाही, तसंच हे. हजार भाकरी थापलेल्या हाताला ते कळतं.

आता "आमचं पोरगंही काढेल" या प्रश्नाचं उत्तर सापडतं का बघा. पोरगं रंग लावेल, आणि सुंदर लावेल. पण लावलेलं काढून टाकायची हिंमत आणि कुठे थांबायचं याची समज, ही वर्षानुवर्षांच्या कामातून येते. गायतोंडे यांना १९८४ मध्ये अपघात झाला. मोठ्या कॅनव्हाससमोर उभं राहून काम करणं अवघड झालं. तेव्हा त्यांनी कागदावर शाईची लहान लहान चित्रं केली. हातातली सवय अशी जाऊ दिली नाही. २००१ मध्ये ते गेले.

आणि कोटींचा प्रश्न? २०१३ मध्ये मुंबईत झालेल्या लिलावात त्यांच्या एका चित्राला २३ कोटी ७० लाख रुपये मिळाले. तेव्हा त्यांना जाऊन बारा वर्षं झाली होती. लिलावातला पैसा विकणाऱ्याला मिळतो, चित्र काढणाऱ्याला नाही. आपण कापूस वेचून देतो आणि भाव पुढे कुठेतरी वाढतो, तशीच ही बाजारपेठ. म्हणून कोटींचा आकडा ऐकून चित्राला मोठं म्हणू नका, आणि त्याच आकड्यावरून चित्राला हसूही नका.

आता आपल्या गोधडीकडे येऊ. गोधडी शिवताना आपण काय करतो ते जरा चित्रकाराच्या नजरेनं बघा. जुनं लुगडं, धोतर, शर्टाचे तुकडे, फ्रॉकचा घेर जमवून ठेवतो. कधी वर्षभर जमवतो. हे झालं थांबणं. मग ओसरीवर अस्तर अंथरतो, त्यावर जुन्या कपड्यांचे थर, त्यावर वरचे तुकडे. लाल काठाशेजारी निळा लावून बघतो, नाही पटलं तर उचलतो, दुसरा ठेवतो. हे झालं लावणं आणि काढणं. कागदावर आराखडा कोणीच काढत नाही. मग काठापासून धावदोरा घालत घालत मध्याकडे येतो. टाक्यांच्या ओळींनी कापडाला बारीक सुरकुत्या पडतात आणि साऱ्या गोधडीवर लाटा उमटतात. वर कुठेही मोर नाही, कमळ नाही. तरी ही गोधडी आईची, ही आत्याची, हे घरातला माणूस दुरून सांगतो. हात ओळखू येतो.

पण दोन्ही अगदी सारखंच आहे असं म्हणणं आम्हाला पटत नाही. गोधडी पांघरायला असते. ती ऊब देते की नाही, धुतल्यावर टिकते की नाही, हे आधी बघावं लागतं. चित्रकारानं फक्त डोळ्यांसाठी काम केलं. त्यासाठी लागणारा मोकळा वेळ, स्वतंत्र खोली, कोणी हाक न मारणारी दुपार त्याला मिळाली. कोऱ्या कॅनव्हाससमोर दिवसभर गप्प बसलेल्या पुरुषाला लोक साधक म्हणतात. कापडाच्या ढिगाकडे बघत तासभर गप्प बसलेल्या बाईला काय म्हणतात, ते तुम्ही ऐकलेलं आहेच. हा फरक बोटांतल्या कसबाचा नाही. वेळ कोणाला मिळतो, याचा आहे.

दुसरा फरक नावाचा. त्यासाठी अमेरिकेतलं एक उदाहरण सांगतो. अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथले लोक पूर्वी गुलाम म्हणून आणलेल्या काळ्या माणसांचे वंशज. शेतं कापसाचीच, आपल्यासारखी. तिथल्या बायका विरलेल्या शेतातल्या कपड्यांच्या, जीनच्या पँटींच्या गोधड्या शिवत. गुडघ्यावर उडालेला रंग, खिसा उसवल्यावर खाली राहिलेला गडद चौकोन, हेच त्यांचे रंग. १९६६ मध्ये त्या भागातल्या बायकांनी गोधड्यांची सहकारी संस्था काढली. २००२ मध्ये त्यांच्या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि नंतर न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयांत भिंतीवर टांगल्या गेल्या. प्रत्येक गोधडीखाली शिवणाऱ्या बाईचं नाव लिहिलं होतं. जाणकारांनी त्यांना देशातल्या उत्तम अमूर्त चित्रांच्या ओळीत बसवलं. २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यानं त्या गोधड्यांची तिकिटं काढली. पण गोष्ट एवढी गोडही नाही. पुढे काही बायकांनी आपल्याला पैशाचा योग्य वाटा मिळाला नाही म्हणून कोर्टात दावे केले, आणि मग तडजोड झाली. नाव मिळालं म्हणून दाम मिळतोच असं नाही. पण दाम मागायला उभं राहायचं, तर आधी नाव असावं लागतं.

नावाचं मोल आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. आसोद्याच्या लेकी बहिणाबाई चौधरी. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. ओव्या घरकामात, शेतात तोंडून निघत. घरातल्या माणसांनी त्या वहीत उतरवून ठेवल्या. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. त्यानंतर मुलगा सोपानदेव यांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. आज आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. वही नसती, तर? त्या काळी जात्यावर ओव्या रचणाऱ्या इतर किती जणी असतील, ज्यांच्या घरात वही नव्हती?

आणि गायतोंडे यांचीच एक गोष्ट उरली आहे. ते आपल्या चित्रांना सहसा नाव देत नसत. चित्राच्या दर्शनी बाजूला अक्षरं नकोत, बघणाऱ्यानं रंगाकडे बघावं. पण कॅनव्हास उलटा केला, तर त्यांच्या कितीतरी चित्रांच्या मागे सही असते, साल असतं. आणि ती सही देवनागरीतही असते. ज्या माणसाला स्वतःबद्दल बोलायला आवडत नव्हतं, त्यानंही एवढी नोंद ठेवली.

म्हणून मैत्रिणींनो, येत्या बैठकीसाठी आम्ही एक काम सुचवतो. प्रत्येकीनं आपल्या घरातली एक गोधडी आणायची. जुनी असेल तर उत्तम. ती अंथरायची आणि सगळ्यांनी मिळून वाचायची. हा तुकडा कोणाच्या लुगड्याचा, हा कोणत्या वर्षीचा, हा रंग इथं का लावला. मग गोधडीच्या मागच्या बाजूला, कोपऱ्यात, सुईदोऱ्यानं शिवणारीचं नाव आणि साल घालायचं. शिवणारी हयात नसेल, तरी तिचं नाव घालायचं. अमक्याची बायको, तमक्याची आई असं नाही. तिचं स्वतःचं नाव. गटाच्या रजिस्टरमध्ये कर्जाचे आकडे आपण लिहितोच. त्याच रजिस्टरच्या शेवटच्या पानांवर ही नोंद करायची: गोधडी कोणी शिवली, कधी, किती दिवस लागले, कापड कुठलं. फोन असेल तर एक फोटो काढून ठेवायचा. उद्या कोणी विकत घ्यायला आलं, तर भाव सांगताना दिवसांचा हिशेब हाताशी असेल.

ज्यांना रंगात हात घालून बघायचा आहे, त्यांच्यासाठी आणखी एक. लग्नाची जुनी पत्रिका किंवा पुठ्ठा घ्या. मैद्याची खळ करा. सुती कापडाचे, पेपरचे तुकडे फाडून चिकटवा. सुकू द्या. त्यावर गेरू, चुना, निळीचा हात मारा. हळद वापरली तर चित्र उन्हात ठेवू नका, हळदीचा रंग उडतो. आणि बाजारातले रंग वापरणार असाल, तर एक नियम पाळा. पाण्याच्या रंगावर तेलाचा रंग चालतो, पण तेलाच्या रंगावर पाण्याचा रंग लावला तर तो सुटतो. वरचा कागद अर्धवट ओला असताना ओढून काढा आणि खाली काय राहिलं ते बघा. नाही आवडलं तर झाकून टाका. आवडलं की थांबा. मुलींना सोबत घ्या. "काय काढलंस?" असं न विचारता "कसं केलंस?" असं विचारा. चित्रकलेच्या वहीत गायीला पाच पाय झाले म्हणून हसू झाल्यावर ज्या पोरीनं रंगपेटी बंद करून ठेवली, ती कदाचित या निमित्तानं पुन्हा उघडेल.

तर आपले तीन प्रश्न. यात काय आहे? थांबणं आहे, थर आहेत, आणि काढून टाकलेल्या गोष्टींच्या खुणा आहेत. आमचं पोरगं काढेल का? सुरुवात करेल, आणि करू द्यावी. एवढे कोटी का? ते बाजार ठरवतो, त्याची काळजी आपण करायची नाही. आपण काळजी करायची ती चौथ्या प्रश्नाची, जो आपल्याकडे कोणी विचारत नाही: हे केलं कोणी? अजिंठ्याच्या भिंतीसमोर त्याचं उत्तर आता मिळणार नाही. आपल्या ओसरीवरच्या गोधडीपुरतं ते अजून मिळू शकतं. शिवणाऱ्या हातांपैकी कितीतरी हात आज ऐंशीच्या घरात आहेत. तेव्हा बैठक लांबवू नका. नावं घातलेल्या गोधड्या आषाढी एकादशीला, पिंप्राळ्याच्या रथाच्या दिवशी, सगळ्यांना दिसतील अशा ओट्यांवर, कठड्यांवर टाकू. येणारे-जाणारे पुढून रंग बघतील. ज्यांना विचारावंसं वाटेल, ते कोपरा उलटून नाव वाचतील.